ट्रकचे इंजिन, जुनी नौका आणि आठवड्याचे काम: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी जवळ आली की नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि हर्णैपासून मालवणपर्यंत इंजिनाच्या कामांची बोलणी सुरू होतात. याच सुमारास नौकामालकांच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मरीन इंजिन म्हणजे ट्रकचेच इंजिन, फक्त रंग वेगळा आणि किंमत दुप्पट. तेव्हा ट्रकचे जुने इंजिन पूर्ण बांधून घ्यावे. थंड करायला समुद्राचे पाणी फुकट आहे. जुना गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पंखा (नौका ढकलणारा प्रोपेलर) तसेच ठेवावेत. जमेल तेवढी जास्त अश्वशक्ती घ्यावी म्हणजे वेग वाढतो. आणि हे सारे काम आठवड्यात उरकते.

हा मजकूर सरसकट खोटा असता तर त्याला उत्तर देण्याचे कारण नव्हते. त्यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या सत्याच्या जोरावर पुढची चार चुकीची वाक्ये पटून जातात. बांधून घेतलेले इंजिन वाईट असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. नीट बांधलेले इंजिन जुन्या नौकेत वर्षानुवर्षे चालते. माझा आक्षेप आहे तो इंजिन म्हणजे स्वतंत्र वस्तू आहे, ती उचलून ठेवली की काम झाले, या समजुतीला.

‘मरीन इंजिन म्हणजे ट्रकचेच इंजिन’ या विधानातले खरे आधी मान्य करू. पर्किन्स ४.२३६ हे चार सिलिंडरांचे, २३६ घनइंचांचे इंजिन ट्रॅक्टरमध्येही होते आणि नौकांमध्येही. फोर्डच्या सहा सिलिंडरी लॉरी-इंजिनावरून तयार झालेली लेहमन इंजिने तर जगभरच्या नौकांत चालली. आपल्याकडे अशोक लेलँडची मरीन इंजिनेही ट्रकच्या इंजिनाच्याच घराण्यातली आहेत. ब्लॉक, क्रँक, पिस्टन आणि हेड बहुधा सारखेच असतात. मात्र त्याभोवतीचे जे बदलते त्याचीच किंमत आपण मोजतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पाण्याचे आवरण येते, रेडिएटरच्या जागी इंजिनातल्या पाण्याची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणारा हीट एक्स्चेंजर येतो, समुद्राच्या पाण्याचा वेगळा पंप आणि ऑइल कूलर येतात, इंजिन तिरपे बसणार म्हणून खालच्या ऑइल चेंबरचा आकार पाहिला जातो आणि डिझेल पंपाची मांडणी बदलते.

या शेवटच्या बाबीकडे फारसे कोणी पाहत नाही. ट्रकच्या अनेक डिझेल पंपांवरचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे आवरणारा भाग, फक्त किमान आणि कमाल फेरे सांभाळतो, मधले सगळे चालकाच्या पायावर सोपवलेले असते. समुद्रात लाटेवर नौकेचे मागचे अंग उचलले गेले आणि पंखा क्षणभर पाण्याबाहेर आला की भार एकदम नाहीसा होतो, इंजिन किंचाळत वर जाते आणि पंखा पुन्हा पाण्यात बुडताच तितक्याच जोराने दबते. तांडेलाचा हात सुकाणावर असतो, त्याने प्रत्येक लाटेला थ्रॉटल कमी-जास्त करावा ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून नौकेला सर्व फेऱ्यांवर काम करणारा गव्हर्नर लागतो. शिवाय ट्रक घाट चढताना पूर्ण शक्ती वापरतो आणि उतरताना जवळजवळ काहीच वापरत नाही; नौका मात्र तासन्‌तास एकाच भारावर चालते. ट्रकच्या पाटीवर लिहिलेली कमाल अश्वशक्ती नौकेत सलग मिळेल असे गृहीत धरणे म्हणजे इंजिन दिवसभर घाटातच चढवत ठेवण्यासारखे आहे. जाता जाता एवढेच, की २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकच्या इंजिनाच्या वाटेला सहसा जाऊ नये. त्याचा संगणक धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे सेन्सर शोधत राहतो आणि ते सापडले नाहीत की शक्ती स्वतःच कमी करतो.

‘पूर्ण बांधून घ्यावे’ हा सल्ला योग्य आहे, फक्त बांधणे कशाला म्हणायचे ते ठरवून घ्यावे. लाइनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, नवे की जुने, क्रँक किती घासला, म्हणजे ०.०१० इंच की ०.०३० इंच, ब्लॉक आणि हेड दाब देऊन तपासले का, नोझल आणि डिझेल पंप कॅलिब्रेट झाला का, या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळत असतील तर ते इंजिन बांधलेले आहे. नुसत्या रिंगा आणि बेअरिंगे बदलून वरून हिरवा रंग मारलेला असेल तर ते बांधलेले नव्हे.

आता पाण्याचा मुद्दा, ज्यात सर्वांत जास्त इंजिने वाया जातात. ‘समुद्राचे पाणी फुकट आहे’ हे खरे असले तरी ते ट्रकच्या ब्लॉकमधून फिरवण्याची किंमत मोठी आहे. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची उष्णता ढोबळमानाने तीन वाट्यांत जाते: एक शाफ्टवर, एक धुरातून आणि एक पाण्यात. म्हणजे शाफ्टवर १०० अश्वशक्ती मिळत असेल तर जवळपास तेवढीच उष्णता पाण्याने वाहून न्यावी लागते. खारे पाणी साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यातले क्षार जॅकेटच्या, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या, आतून थर धरू लागतात. ते टाळण्यासाठी इंजिन थंड चालवावे तर डिझेल इंजिनाला हवे असलेले ८० अंशांच्या आसपासचे तापमान मिळत नाही, जळण अपुरे होते, ऑइलमध्ये आम्ल आणि गाळ साचतो आणि नवे लाइनर लवकर झिजतात. थर येऊ द्यावेत तर काही हंगामांत हेडच्या मागच्या बाजूचे पाण्याचे मार्ग बुजतात आणि शेवटच्या सिलिंडरातला पिस्टन आधी जाम होतो. या कोंडीतून सुटण्याचा मार्ग एकच: ब्लॉकमध्ये गोडे पाणी आणि कूलंट बंद फेऱ्यात फिरावे आणि त्याची उष्णता बाहेर टाकावी, मग ती हीट एक्स्चेंजरमधून खाऱ्या पाण्यात असो किंवा तळाखाली बसवलेल्या नळ्यांमधून. आपल्या खाड्यांमधल्या गाळाचा विचार केला तर तळाखालच्या नळ्यांचा पर्याय मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात खारे पाणी नौकेच्या आत घेण्याची गरजच राहत नाही. हीट एक्स्चेंजर बसवला तर त्याच्या आधी गाळणी हवी, त्यातला, खाऱ्या पाण्याची झीज स्वतःवर घेणारा जस्ताचा दांडा दर काही महिन्यांनी काढून पाहायला हवा आणि खाऱ्या पाण्याच्या पंपाचे रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) दर हंगामात बदलायला हवे. हे इम्पेलर पाण्याविना फिरले तर काही मिनिटांतच फाटते. किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेत ‘जरा आवाज ऐकू’ म्हणून इंजिन चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

टर्बो असलेल्या इंजिनाचा याला जोडून आणखी एक प्रश्न येतो. टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा ट्रकचा इंटरकूलर समोरच्या वाऱ्यावर चालतो आणि नौकेच्या पोटात वारा नसतो. तिथे पाण्याने थंड होणारा कूलर हवा, नाहीतर गरम हवा सिलिंडरमध्ये जाऊन शक्तीही घटते आणि पिस्टनही तापतात. वारा नसला तरी हवा मात्र भरपूर लागते. ६ लिटरचे चार स्ट्रोकचे साधे इंजिन २००० फेऱ्यांवर दर मिनिटाला सुमारे ६ घनमीटर हवा ओढते. जुन्या, लहान इंजिनासाठी ठेवलेल्या दोन झडपा त्याला पुरतात का, हे मोजूनच ठरवावे.

एक्झॉस्टबद्दल मजकुरात अक्षरही नाही आणि कोकणात तीच चूक सर्वांत हकनाक होते. मासेमारी नौकांमध्ये अनेकदा कोरडा पाइप सरळ वर काढलेला असतो. मे महिन्यात इंजिन बसवून झाले, नौका किनाऱ्यावरच राहिली, पाइपाच्या तोंडाला काही लावले नाही आणि वर दोन महिन्यांचा पाऊस पडला, असे एक इंजिन ऑगस्टमध्ये उघडताना मी पाहिले आहे. पाणी टर्बोतून मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून उघड्या व्हॉल्व्हमधून दोन सिलिंडरांत उतरले होते. ज्याने स्टार्टर मारला त्याला काय झाले ते कळायच्या आत कनेक्टिंग रॉड वाकला होता. एक पत्र्याचा डबा उपडा घातला असता तर ते इंजिन वाचले असते.

‘जुना गिअरबॉक्स आणि पंखा तसेच ठेवावेत’ हे वाक्य वाचून मला खरोखर आश्चर्य वाटते, कारण साध्या गुणाकाराने ते खोटे ठरते. समजा जुने संथ इंजिन १५०० फेऱ्यांवर चालत होते आणि गिअरबॉक्सचे रिडक्शन २ ला १ होते, म्हणजे पंखा ७५० फेरे फिरत होता. नवे इंजिन २४०० फेऱ्यांचे आहे. तोच गिअरबॉक्स ठेवला तर पंख्याने १२०० फेरे फिरावे अशी अपेक्षा आपण करतो. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून फेरे १.६ पट झाले की शक्ती ४ पटींहून थोडी जास्त लागते. तेवढी शक्ती नव्या इंजिनातही नसते. मग ते आपल्या पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, काळा धूर ओकते, ऑइल पातळ होते आणि मालक इंजिन बांधणाऱ्याला दोष देतो. पंखा लहान किंवा कमी पिचचा (कमी तिरप्या पात्यांचा) केला, किंवा रिडक्शन वाढवले, तरच हे जुळते. त्यातही मोठा पंखा संथ फिरवणे हेच जाळे ओढणाऱ्या नौकेला फायद्याचे असते. नवा गिअरबॉक्स घेतला तर शाफ्ट कोणत्या दिशेने फिरतो हे पाहावे, नाहीतर गिअर पुढचा टाकला तरी नौका मागे जाते.

मूळ ट्रकचाच गिअरबॉक्स वापरण्याचा उपद्व्याप करणारेही आहेत. त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की नौकेला पुढे ढकलणारा पंख्याचा सारा जोर शाफ्टमधून आत येतो आणि तो कोणीतरी अडवावा लागतो. मरीन गिअरबॉक्समध्ये त्यासाठी खास थ्रस्ट बेअरिंग असते. ट्रकच्या गिअरबॉक्सला तसा जोर कधी सोसावाच लागत नाही.

‘जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त वेग’ याचे उत्तर तळाच्या आकारातच आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेला स्वतःचीच लाट अडवते आणि तिचा व्यवहारातला वेग पाण्याच्या रेषेवरील लांबीच्या फुटांतील वर्गमुळाच्या १.३४ पट नॉट एवढा ठरतो. ३६ फुटी रेषेला तो ८ नॉटच्या आसपास येतो. त्यापुढे अश्वशक्ती दुप्पट केली तरी वेगात थोडीच भर पडते, डिझेलचा खर्च मात्र भरमसाट वाढतो आणि जड इंजिनाने नौकेचे मागचे अंग आणखी बसते. याशिवाय नोंदणी दाखल्यावर इंजिनाचा तपशील असतो, तेव्हा बदल आधी कागदावर घ्यावा, हे निराळे सांगायला नको.

उरला आठवडा. जुने इंजिन उचलले की खाली ऑइल प्यालेले लाकूड दिसते, आणि अशा लाकडात घट्ट बसलेले बोल्ट पुढे सैल होतात. फाउंडेशन तपासून, गरज असेल तिथे लाकूड बदलून किंवा लोखंडी अँगल घालून मगच नव्या इंजिनाचे पाय बसवावेत, आणि तेवढ्यातच पहिले दोन-तीन दिवस जातात. त्यानंतर जुन्या डिझेल टाकीची पाळी. टाकीच्या तळातला गाळ आणि पाणी काढले नाही, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला नाही, तर नुकत्याच कॅलिब्रेट केलेल्या पंपाच्या नशिबी तोच गाळ येतो.

आणि सर्वांत शेवटी शाफ्टची रेषा, जी जमिनीवर लावलेली कधीच अंतिम धरू नये. लाकडी नौका किनाऱ्यावर ज्या आकारात असते त्या आकारात ती पाण्यात नसते. फळ्या पाणी पितात आणि तळ किंचित वाकतो. म्हणून नौका पाण्यात उतरवून काही दिवस थांबावे, टाक्या भराव्यात, गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढावेत आणि त्याच्या दोन्ही चकत्यांमधली फट वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला या चार मापांतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असायला हवा. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे, म्हणजे चूक रेषेत आहे की वाकलेल्या चकतीत हे कळते. लवचीक कपलिंग घातले म्हणून हे काम टाळता येत नाही. तो रबर कंप सोसतो, पण वाकडी रेषा ग्लँड (शाफ्ट बाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) आणि बेअरिंग खातच राहते.

नव्याने बांधलेले इंजिन धक्क्याला बांधून तासन्‌तास रिकामे चालवणे ही रनिंग-इनची, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसवून घेण्याची, पद्धत नव्हे. भार नसला तर रिंगा लाइनरला बसत नाहीत, लाइनर गुळगुळीत होतो आणि ऑइल जळू लागते. निम्म्या ते तीन चतुर्थांश भारावर, फेरे कमी-जास्त करत, किनाऱ्याजवळच काही तास चालवावे. रनिंग-इन संपले की एकदा थ्रॉटल पूर्ण देऊन टॅकोमीटरवर इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत जाते की नाही ते पाहावे. गेले नाही तर पंख्याचा आकार किंवा पिच जास्त आहे, फारच सहज पुढे गेले तर कमी आहे. त्याच फेरीत ग्लँडला हात लावून पाहावा आणि पाण्याचे तापमान लिहून ठेवावे. पहिल्या ५० तासांच्या आत ऑइल बदलावे, माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि कपलिंगची चार मापे पुन्हा घ्यावीत. ती जुळली की लांबच्या फेरीसाठी बर्फ भरायला हरकत नाही.