लहान्या सप्लायरसंग सात जन्माचं नातं कसं जोडावं

राजेहो, ज्याची ज्याची कंपनी जरा बरी चालते अन् ज्याले आपल्या लहान्या सप्लायरसंग घट्ट, टिकाऊ, पिढ्यान् पिढ्या चालणारं नातं जोडायचं आहे, त्याच्यासाठी ह्या काही टिपा. माझी वाशीम जिल्ह्यात तूर डाळीची छोटी मिल आहे, नागपूरच्या एका मोठ्या पार्टीले त्यांच्या ब्रँडच्या एक किलोच्या पाकिटात डाळ भरून देतो, अन् हे सगळं ज्ञान गेल्याच आठवड्यात त्यांच्या पार्टनर मीटमधून ताजं ताजं घेऊन आलो.

तं पहिलं म्हणजे अशी मीट ठेवाच. एसी हॉल, पनीर, स्टेजवर मागं भलामोठा बॅनर. खेड्यापाड्यातून लोकं बोलवा, डिझेल त्यांचं त्यांनी टाकावं. प्रत्येकाले शाल, नारळ अन् काचेची ट्रॉफी. ज्याचं पेमेंट जास्त थकलं त्याची ट्रॉफी मोठी, म्हणजे हिशोब बरोबर लागते. मले चांगली मोठी भेटली. पोळ्याच्या बैलासारखा झूल पांघरून उभा होतो, फोटो निघत होता, म्हणून हळूच म्हटलं, साहेब ते मार्चचं बिल... तं साहेब कॅमेऱ्याकडं पाहूनच हसत म्हणते, "भाऊ, आज आपलं फॅमिली फंक्शन आहे, आज पैशाचं नको."

बिल पास करणारा माणूस कायम रजेवर ठेवा.

ऑर्डर फोनवर द्या, तक्रार ईमेलवर टाका. ऑर्डरचा कागद राहाले नको अन् तक्रारीचा हरवाले नको.

परचेसवाला साहेब दर वर्षी बदला. जुन्यानं जे जे कबूल केलं ते नव्याले माहीत नसते, अन् नव्याची ओळख होईपर्यंत त्याची बदली.

आता पेमेंट. इथं जरा दमानं वाचा, कारण नातं टिकते की तुटते ते इथंच ठरते. सरकारनं 2006 मध्ये एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु अन् मध्यम उद्योगांचा, कायदा करून ठेवला आहे, त्यात लिहिलं आहे की लहान्या कारखान्याचा माल घेतला तं लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्या, करार नसला तं 15 दिवसांत, अन् उशीर झाला तं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याले चक्रवाढ. घाबरू नका. असं व्याज ज्याच्या हातात पडलं असा मिलवाला मी तरी आमच्या पट्ट्यात पाह्यला नाही. तुम्ही फक्त दिवस मोजणं सुरू होऊ देऊ नका. गाडी गेटवर आली, पण गेट एन्ट्री व्हाची आहे. एन्ट्री झाली, पण क्वालिटीवाला जेवाले गेला. क्वालिटी झाली, पण बिल सिस्टीममध्ये दिसत नाही. हे सिस्टीममध्ये दिसत नाही म्हणजे रामबाण. मी बिल मेल केलं, कुरिअरनं पाठवलं, शेवटी स्वतः नेऊन टेबलावर ठेवलं, पोरगी कॉम्प्युटरकडं पाहून म्हणते दिसत नाही काका. समोर टेबलावर आहे ना माय!

मग चार-पाच महिने असे गेले की डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, पाठवा. कारण काहीही चालते. मले आलं मॉइश्चरचं. आता त्याच कायद्यात असंही आहे की माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तं माल मान्य झाला असंच धरतात. पण कायदा कायद्याच्या जागी. माझी डाळ फटका, म्हणजे एक नंबरची, कोरडी खणखणीत, गच्चीवर वाळवलेली, ती यांनी घेतली, विकली, पैसे गल्ल्यात टाकले, नागपूरकरांनी तिचं वरण ओरपून ढेकर दिली, अन् आता हे म्हणते ओलावा जास्त होता! कशात मोजला बावा ओलावा? वरणात?

बरं, माझ्या इकडच्या पैशाले अशी सोय नाही. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, तेव्हाच घेऊन ठेवा लागते, अन् काट्यावर जो शेतकरी उभा असते त्याले म्हणून पाहा बरं, भाऊ तुमची तूर सिस्टीममध्ये दिसत नाही म्हणून. मिलचं गेट उपटून नेईल तो, अन् नेलंच पाह्यजे. हमाल संध्याकाळी हमाली मागते. विजेचं बिल तारखेले. सीसीचं, म्हणजे धंद्याच्या कर्जखात्याचं, व्याज बँक महिन्याच्या महिन्याले कापते, विचारत नाही. अन् जीएसटी तं विचारूच नका. 25 किलोच्या आतल्या पॅकबंद डाळीवर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के लागला, तो मी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेले खिशातून भरतो, पार्टीनं पैसे दिले असो की नसो. तिकडं पार्टी त्याच बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या टॅक्समधून वजावट, घेऊन मोकळी. म्हणजे बिल सिस्टीममध्ये दिसत नाही, पण बिलावरचा जीएसटी बरोबर दिसते! 180 दिवसांत पैसे दिले नाही तं ते क्रेडिट व्याजासकट परत करा लागते, तेवढी तारीख मात्र यांच्या अकाउंटवाल्याले झोपेतही पाठ.

250 कोटींच्या वर उलाढाल असल तं ट्रेड्सवर, म्हणजे लहान्याचं बिल ऑनलाइन चढवलं की त्याले बँकेकडून लवकर पैसे भेटतात त्या सोयीवर, नाव टाकायची मुदत 31 मार्च 2025 ची होती. टाका, बिनधास्त टाका. फक्त बिल चढवू नका.

अन् एक टीप अगदी नवीन आहे. इन्कम टॅक्समध्ये 43बी(एच) म्हणून कलम आलं, 1 एप्रिल 2024 पासून लागू. सूक्ष्म अन् लघु उद्योगाले मुदतीत पैसे दिले नाही तं देईपर्यंत तो खर्च धरताच येत नाही, नफा फुगते, टॅक्स वाढते. मोठ्ठं संकट. यावर उपाय काय, पैसे द्यावे? छ्या. उपाय म्हणजे लहान्यालेच लहान राहू देऊ नका. लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा जो उद्यमचा दाखला असते, त्याच्यासाठी मले फोन आला, "भाऊ, ते तुमचं उद्यमचं सर्टिफिकेट कॅन्सल करून टाका ना, दोघांलेही सोपं जाईन." दोघांले! मी म्हटलं विचार करतो, तं म्हणे विचार करा, तोपर्यंत पुढची ऑर्डर होल्डवर आहे.

पुढची टीप लिहाले घेतली होती, पण आता हे टिपाबिपा पुरे झालं.

लोकं म्हणतात थकलेल्या पैशाची सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाक, 2017 पासून आहे, एका क्लिकचं काम. क्लिक मलेही येते. पण क्लिक केली की दुसऱ्या दिवशी ऑर्डर बंद, अन् परचेसवाले एकमेकांच्या ओळखीचे, हा मिलवाला भांडकुदळ आहे म्हणून फोन फिरते, मग मशीनवर पोते झाकून बसा. हे तुम्हाले पक्कं माहीत आहे अन् त्याच्याच भरवशावर तुम्ही निवांत आहात. तुमच्या गोडाऊनचं भाडं थकत नाही, तुमच्या साहेबाचा पगार एक तारखेच्या पुढं जात नाही, मॉलवाला तुमचे पैसे लटकवते तेव्हा तुम्ही वकील लावता. थकते फक्त माझं. काहून? मी गरीब आहे म्हणून नाही, मी कुठं जाणार नाही असं तुम्हाले वाटते म्हणून. माझ्या पैशावर बिनव्याजी धंदा करता अन् मलेच स्टेजवर बोलवून विश्वासाचं भाषण ऐकवता, थोडी लाज आहे का नाही? फॅमिली म्हणे. फॅमिलीतला माणूस उसने घेते तेव्हा निदान उसने घेतो म्हणून तोंडानं सांगते.

मार्चचं बिल टाका. एप्रिलचं टाका. मॉइश्चरची नोट लेखी मागं घ्या. उद्यमचं सर्टिफिकेट कॅन्सल होणार नाही. काल तुमचा पुन्हा फोन आला, सणाचा माल अर्जंट पाह्यजे म्हणून, होल्ड उठला म्हणे. पाकिटं भरून तयार आहेत, पण मागचे पैसे खात्यात आल्याशिवाय एक कट्टा गाडीत चढणार नाही, हमालांले मी तसं सांगून ठेवलं आहे.