ओळख एकदाच पटवायची आणि मग सगळं माफ?

वेबसॉकेटला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीला, लॉगिन जोडायचं म्हटलं की दर वेळी तेच! त्याचं प्रमाणक, आरएफसी ६४५५, आलं २०११ मध्ये, तरी ब्राउझरमधून वेबसॉकेट उघडताना अजूनही ऑथरायझेशन हेडर (विनंतीसोबत ओळख पाठवायची नेहमीची जागा) लावता येत नाही. मग लोक काय करतात? टोकन, म्हणजे ओळख पटवणारी किल्ली, सरळ यूआरएलमध्ये चिकटवतात! परवा सर्व्हरचा लॉग उघडला, तर प्रश्नचिन्हापुढे अख्खं टोकन, ओळीमागून ओळ. कुणीही उचलावं आणि आत शिरावं.

कुकी वापरली, तर ओरिजिन, म्हणजे विनंती कुठल्या साइटवरून आली ते, तपासायचं कुणाला सुचत नाही. अरे, इथे कॉर्स (परक्या साइटच्या विनंत्यांसाठीचे ब्राउझरचे नियम) आड येत नाही! कुकीवर सेमसाइटचं बंधन (परक्या साइटवरून ती पाठवू नये, असं) नसलं, तर भलत्याच साइटवरचं पान तुमच्या वापरकर्त्याच्या नावाने सॉकेट उघडून बसतं.

आणि डोकं फिरतं ते पुढे. टोकन १५ मिनिटांचं, जोडणी ८ तासांची! दुपारी ज्याचे अधिकार काढले, त्याला संध्याकाळपर्यंत मेसेज जातच असतात. प्रत्येक मेसेजला ‘याला या चॅनलची परवानगी आहे का’ एवढं बघायला काय जातं? मुदत संपली की १००८ हा ‘नियमभंग’ सांगणारा कोड देऊन जोडणी तोडायला किती ओळी लागतात? लोकांचं खासगी बोलणं जातं हो त्यातून!