‘वय अधिक शंभर’वाल्यांनो, जरा थांबा

खानापूरच्या माझ्या आत्यानं बीपीची गोळी सोडली. डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही, मोबाईलवर मेसेज आला म्हणून. "गोळी बंद केलो मी, आता सैंधवच खातो," हे तिनं फोनवर असं सांगितलं, जणू काशीयात्रा करून आलीय. तो मेसेज आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवरही फिरतोय, तुमच्याकडंही आला असेलच. त्याचं म्हणणं असं: वरचं बीपी ‘वय अधिक शंभर’ असणं नॉर्मल, कंपन्यांनी धंद्यासाठी आकडा खाली ओढला. गोळीनं किडनी जाते, म्हणून सैंधव खा, बीपी आपोआप उतरतं. शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरंच. आणि सगळं संशोधन गोऱ्यांवर झालेलं, आपल्या मातीला ते लागू नाही.

आधी मीठच घेतो, कारण खरा घात तिथं आहे. सैंधव म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच, म्हणजे आपलं साधं मीठच. रंग गुलाबी, चव किंचित वेगळी, भाव मात्र दुकानातल्या पुड्याच्या कितीतरी पट. बीपी वाढवतं ते सोडियम, आणि ते दोन्हींत आहे. उलट ‘हे औषधी’ म्हणून माणूस हात सैल सोडतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी. आमच्या ताटातलं लोणचं, पापड आणि खर्डा बघितला की हा हिशेब दुपारीच संपतो. त्यात साध्या सैंधवात आयोडीन नसल्यासारखंच. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामींनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कसा घटतो ते दाखवलं, तेव्हा कुठं हे मीठ आपल्या घरात आलं. ते परत घालवायची घाई कशाला?

बरं, मीठ बदलून फायदा होतो एवढं खरं आहे, कबूल. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांना ७५ टक्के नेहमीचं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असं मिश्रण दिलं. तिथं लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण ते सैंधव नव्हतं, आणि त्या लोकांपैकी बहुतेक जण बीपीच्या गोळ्या घेतच होते. गोळी सोडा असं कुणी म्हटलेलं नाही. शिवाय किडनी अधू असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियमचं मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय घरात आणायचं नाही. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

किडनीचं तर उलटंच आहे. ती खराब करण्यात वाढलेलं बीपीच पुढं असतं, आणि बीपीच्या काही गोळ्या किडनी जपायलाच देतात. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, हे मान्य. पण बीपीच्या गोळीला घाबरणारी हीच मंडळी गुडघे दुखले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्महिने गिळतात. त्या किडनीलाही त्रास देतात आणि बीपीही वाढवतात. त्यावर मेसेज का नाही येत?

‘वय अधिक शंभर’ हे एके काळी डॉक्टरही म्हणायचे, ते मेसेजवाल्यानं काही नवीन शोधलेलं नाही. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचं बीपी ३००/१९० होतं, आणि त्याआधी वर्षानुवर्षं ते चढत असताना भोवतीचे डॉक्टर बघत होते. १९६७ साली तिथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांनी १४३ रुग्णांवरचा अभ्यास छापला. खालचं बीपी ११५च्या वर असलेले पुरुष, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती दिसायला गोळी, आत औषध नाही. दिसायच्या गोळीवाल्यांत २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, औषधवाल्यांत दोघांवर. आकडा खाली आला तो अशा अभ्यासांमुळं. २०१७ साली अमेरिकेनं तो १३०/८०वर आणला, त्यावर डॉक्टरांचेच मतभेद आहेत. पण ६५ वर्षांच्या बाईला १६५ नॉर्मल, असं त्यांतला एकही म्हणत नाही.

शास्त्रज्ञ मत बदलतात? बदलतात, पुरावा बदलला की. कंपन्या लबाडी करतात? करतात. व्हायॉक्स ही दुखण्याची गोळी हृदयाला धोक्याची निघाली आणि २००४ साली बाजारातून गेली, पण ती पकडली कुणी? अभ्यासांनीच, सैंधवानं नव्हे.

राहिला गोऱ्यांचा मुद्दा, आणि बेळगावात बसून हे फॉरवर्ड करणाऱ्याची मला खरंच कमाल वाटते. २००२ ते २००५ या काळात आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागानं, १,६२० बाळंतिणींवर एक अभ्यास झाला. नर्सबाईंनी बाळंतपणानंतर निम्म्या बायकांना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना नुसती दिसायला गोळी. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हा बीपीचा अभ्यास नव्हे, पण संशोधन कुणावर होतं याचं उत्तर त्यात आहे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, आणि आज आफ्रिकेतल्या दाया ती देतात, त्यामागं आपल्या इथल्या बायकांचा पुरावा आहे.