रेसिडेन्सीच्या फॉर्ममधलं पैशाचं पान

फंडेड स्टुडिओ रेसिडेन्सीची, म्हणजे खर्च देऊन ठरावीक काळ कामाला जागा देणाऱ्या योजनेची, जाहिरात निघाली की आपल्या नागपूरच्या चित्रकारांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "स्टेटमेंट कोण लिहून देतं?" स्टेटमेंट म्हणजे आपल्या कामाबद्दल अर्जात लिहायचा मजकूर. बजेटचं कुणी विचारत नाही. माझ्या मते अर्ज तिथेच कच्चा राहतो.

आपला स्टुडिओ म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. गच्चीवरची टिनाची खोली, संध्याकाळी तिथेच एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांचा क्लास, आणि जेवणं आटोपली की आपलं काम. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. कुलर लावावा तर त्याच्या ओल्या हवेनं कागद फुगतो. कॅनव्हासचं माप आपण नाही, जिना ठरवतो. अर्जात हेच लिहायचं असतं ना भाऊ! आपण लिहितो, 'निसर्ग हाच माझा गुरू.' निवडणाऱ्यांना तुमचा गुरू कोण, याच्याशी काय घेणं? मोठी भिंत आणि मोकळे दिवस मिळाले तर घरी होत नाही असं काय कराल, ते सांगा.

आता पैसे. रंग, कॅनव्हास, फ्रेम एवढं मांडून बहुतेकजण थांबतात. चित्रं नेण्याआणण्याचा टेम्पो विसरतात, आणि स्वतःला तर हमखास विसरतात. दोन महिने क्लास बंद ठेवला तर फी बुडणार, घरचा किराणा काही थांबणार नाही. म्हणून 'कलाकाराचं मानधन' ही ओळ वेगळी टाका. एकूण रक्कम त्यांनी दिलेल्या मर्यादेत बसवा, पण ती ओळ कापून नको. मानधन मागितलं की हावरट दिसू, ही भीती आपल्याकडे फार. का, कोण जाणे.

आणि 'रेसिडेन्सी' म्हणणारं सगळंच फंडेड नसतं. एका संस्थेनं मला नोंदणी फी मागितली होती, वर जाताना दोन चित्रं त्यांच्याकडेच ठेवायची! फुकटात संग्रह उभारायची चांगली सोय. अटींचं पान शेवटपर्यंत वाचत जा.

चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ आपल्या नागपूरच्या कलाशाळेत शिकले. चित्रकार वासुदेव गायतोंडेंचा जन्म इथलाच, १९२४चा. सत्कार समारंभात ही दोन्ही नावं आपण छाती फुगवून घेतो. रझा १९५०मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणि १९६४मध्ये गायतोंडेंना रॉकफेलर फेलोशिप मिळाली, हे मात्र भाषणात येत नाही. प्रतिभा त्यांची होती, पण खर्च कुणीतरी उचलला होता.

स्थानिक कलाकारांसाठीची रेसिडेन्सी मला जास्त मोलाची वाटते ती एका साध्या कारणानं: रात्री घरी येता येतं. दिल्लीत गढीला ललित कला अकादमीचे स्टुडिओ १९७६पासून आहेत, पण पोराची दहावी आणि सासूबाईंचं दुखणं सोडून तिकडे जाऊन राहणं किती जणींना जमतं? आपल्याच गावात सकाळी दहा ते सहा एक खोली मिळाली, तर माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका पुन्हा मोठं काम करू लागतील.

फोटोंचं तेवढं बघा. फ्लॅश नको, कडक ऊन नको, सकाळी सावलीत काढा. माप, माध्यम, वर्ष प्रत्येक चित्राखाली लिहा.

बजेटचं पान अडलं तर मला इनबॉक्स करा, बसून करू. स्टेटमेंट मात्र ज्याचं त्यानं लिहायचं.