खुलासा : 90/10 शॉक मागे बसवू नका

'ड्रॅगच्या गाडीला मागे 90/10 शॉक टाका, स्वस्तात पकड मिळते' हा मेसेज सोलापुरातल्या गॅरेज ग्रुपांवर फिरतोय. (ड्रॅग म्हणजे सरळ रस्त्यावरची वेगाची शर्यत, शॉक म्हणजे शॉकअब्सॉर्बर.) तो उलटा आहे. 90/10 (दबताना 90 टक्के, उघडताना 10 टक्के विरोध) पुढच्या चाकांसाठी असतात: सहज उघडतात, जड दबतात, त्यामुळे नाक वर राहून वजन मागे जातं. शॉक काढून हातानं ओढून-दाबून बघा, लगेच कळतं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे साधे 50/50 (दोन्हीकडे सारखा विरोध) चांगले. बजेट असेल तर क्लिकवाले, म्हणजे नॉब फिरवून कडक-सैल करता येणारे. सुटताना मागची बॉडी झटकन उचलून टायर आधी चेपला नि मग घसरला, तर उघडण्याची बाजू दोन क्लिक कडक करा. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये दिसतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकचं गणित वेगळं. तिथं मागची बाजू बसू द्यायची नसते.

जुना मेसेज पुढे पाठवू नका, हा पाठवा.