मॅरेथॉनपटू व्हा, पळायचं मागाहून बघू

चाळिशी उलटली आहे, शर्टाचं खालचं बटण गेल्या दिवाळीपासून लागत नाही आणि कॉलनीतल्या एकानं परवा स्टेटसला मेडल दातात धरलेला फोटो टाकलाय. एवढी सामग्री जमली असेल तर मॅरेथॉनपटू व्हायला तुम्ही पूर्ण लायक आहात. अवघड गोष्ट म्हणाल तर एकच, पळणं. त्याचं सवडीनं बघू.

आधी अंतर ठरवा. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. वरचे १९५ मीटर कुठून आले असं कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे, कारण ग्रुपमध्ये हे ज्ञान पायांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियमात राजघराण्याच्या कक्षासमोर संपवायची ठरली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड, आणि १९२१ मध्ये तेच माप कायमचं झालं. राजघराण्याची बसल्या जागी सोय झाली. शंभर वर्षं झाली, जगभरचे लोक शेवटच्या दोन किलोमीटरला त्यांच्या नावानं बोटं मोडतायत. तुम्ही या फंदात पडू नका. आपल्याकडं मतदान जागृती असो की वाहतूक सप्ताह, पाच किलोमीटर पळवून आणलं की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘मॅरेथॉन उत्साहात’ असंच छापून येतं. बेळगावात संभाजी चौकातून निघा, किल्ला तलावाकडनं वळून परत या, झाली मॅरेथॉन. पाहुण्यारावळ्यांत अगदीच वजन पाडायचं असेल तर हाफ धरा, २१ किलोमीटर. सांगताना ‘हाफ’ एवढं हळू म्हणायचं.

मग बूट. इथं काटकसर करणारा माणूस खेळाडू होऊ शकत नाही. २०१७ साली नायकीनं सोलमध्ये कार्बनची पट्टी बसवलेले बूट बाजारात आणले आणि धडाधड विक्रम पडायला लागले. शेवटी सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, असा नियमच ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेला करावा लागला. असल्याच बुटांत केनियाच्या किपचोगेनं २०१९ मध्ये व्हिएन्नाला १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर तोडलं, म्हणजे तासाला एकवीस किलोमीटर. तुमचा वेग तासाला सातचा आहे, म्हणजे तुम्हाला त्या बुटांची गरज तिप्पट आहे. हे गणित घरात मांडा. त्या किमतीत खडेबाजारात अख्ख्या खानदानाच्या चपला येतात, असं उत्तर मिळेल. त्याकडं लक्ष देऊ नका. शिवनाथ सिंग नावाचा आपला एक फौजी बऱ्याचदा अनवाणीच पळायचा. त्यानं १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन काढली आणि पुढं चार दशकं तो विक्रम कुणाला हलवता आला नाही. पण बुटांच्या दुकानात असले विषय काढायचे नसतात.

बुटांनंतर घड्याळ, हृदयाचे ठोके मोजणारं. २२० मधून वय वजा करायचं, म्हणजे तुमच्या हृदयाचे जास्तीत जास्त ठोके निघतात, आणि त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांत पळायचं, त्याला झोन टू म्हणतात. खूण अशी की पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. आपल्या लोकांना यातलं अर्धं जन्मतःच येतं. पहाटे साडेपाचला आरपीडी कॉर्नरला भेटायचं ठरतं, सगळे जमेपर्यंत सहा वाजतात, मग कोण आलं नाही त्याच्यावर दहा मिनिटं, त्याच्या भावकीतल्या वाटणीवर आणखी दहा, मग ग्रुप फोटो. एवढं होईस्तोवर झोन टू आपोआप साधतो.

पळायला निघालातच तर काँग्रेस रोड धरा, कारण त्याला लागून रेल्वे गेटं आहेत. गेटाकडं वळायचं आणि देवानं आपली लाज राखावी तसं ते बरोबर आपण दमल्यावर पडतं. घड्याळ स्वतःहून थांबतं, तुम्ही कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून, मोठ्या कष्टानं थांबल्यासारखे उभे राहा. बाजूला दुधाच्या किटल्या लावलेला मोटारसायकलवाला तुमच्या उघड्या पोटऱ्यांकडं बघत असतो. मालगाडी आली तर फारच उत्तम, डबे मोजत बसावं. गेट उघडल्यावर मागनं हॉर्न वाजायला लागले की दोन पावलं उड्या मारत रूळ ओलांडायचे आणि घरी आल्यावर तो सगळा व्यायाम स्ट्रावा नावाच्या ॲपवर चढवायचा. थांबलेला वेळ त्यात मोजत नाहीत. वेग असा काही सुंदर दिसतो की बघतच राहावं.

वेगाचा सराव स्वतंत्र करायची गरज नाही. अनगोळ किंवा वडगावच्या गल्ल्यांतून पहाटे एकटे निघालात की तिथली कुत्री तो करून घेतात, तोही फुकट. चढाचा सराव मात्र येळ्ळूरच्या राजहंसगडावर करा. तिथं शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण २०२३ साली एकाच आठवड्यात दोनदा झालं, एकदा एका पक्षाकडनं, एकदा दुसऱ्या पक्षाकडनं. पुढाऱ्यांनी दोन फेऱ्या मारल्या, तर तुम्हाला काय होतंय?

लोक बोलणार, हे धरून चाला. ‘काय ओ, शुगर आलीया काय?’ हा पहिला प्रश्न. आपल्या भागात शहाणा माणूस डॉक्टरनं सांगितल्याशिवाय घाम गाळत नाही, अशी पक्की समजूत आहे. सांबऱ्याच्या बाजूला लांब पल्ल्याला गेलात तर बैलगाडीवरचा म्हातारा कन्नडमध्ये काळजीनं विचारतो, ‘याक ओडाकत्तीरी?’ का पळायलाय म्हणून. तो गाडी थांबवून बसायला जागाही करून देतो. उत्तर मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, त्याला पटत नाही. खरं सांगायचं तर अजून तरी कुठल्याच भाषेत त्याला पटेल असं उत्तर निघालेलं नाही.

पावसाळा हा सरावाचा खरा मोसम, असं पुस्तकी लोक म्हणतात, कारण शर्यती हिवाळ्यात. त्यांनी बेळगावचा जुलै पाहिलेला नसतो. एकदा भिजलेला बूट आठवडाभर वाळत नाही. आत पेपरचे बोळे कोंबा, फ्रीजच्या मागं ठेवा, गॅसजवळ ठेवून घरच्यांची बोलणी खा, तरी बुधवारी त्याच्या जिभेवर पांढरी बुरशी धरते आणि मोज्यांना येणारा वास शेजारच्या घरात विचारला जातो. अशा वेळी ‘रिकव्हरी वीक’ जाहीर करावा. चार-पाच रिकव्हरी वीक ओळीनं घेतले तरी नियमात कुठं बसत नाही असं नाही.

आहाराचं मात्र मनावर घ्या. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ढोबळ मानानं तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. ती संपली की पाय सिमेंटचे होतात, डोळ्यांपुढं काजवे येतात आणि माणूस रस्त्याच्या कडेला बसून आईची आठवण काढतो. याला पळणारे ‘भिंत’ म्हणतात. ती लांब जावी म्हणून शर्यतीआधी दोन-तीन दिवस पिष्टमय खायचं आणि पळणं कमी करायचं. आपल्या तालुक्याच्या पश्चिम भागात रताळी पिकतात, ती उकडून खाल्ली तर काम भागतं. पण रताळ्याचा फोटो कोण टाकतं? म्हणून ओट्स, पास्ता वगैरे मागवा. आपला गोड कुंदाही चालेल. फक्त सूचनेतला एक भाग आपल्या लोकांकडून हमखास गळतो. खाणं वाढवायचं असतं ते दोन-तीन दिवस. आपण ते नाव नोंदवल्या दिवसापासून सुरू करतो, आणि मॅरेथॉनच्या तयारीत माणसाचं तीन किलो वजन वाढल्याचं दृश्य इथंच बघायला मिळतं.

दुखणं येईल. यायलाच पाहिजे, त्याशिवाय अनुभवी कोण म्हणणार? सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं झालं की तुम्हाला प्लांटर फॅसिआयटिस झाला. हे नाव पाठ करा. नुसतं ‘टाच दुखतीया’ म्हणणाऱ्याला घरात गरम पाण्याची बादली मिळते; लॅटिन नाव सांगणाऱ्याला कॉलनीत मान मिळतो. एवढं अंतर एवढ्या लवकर वाढवू नका, आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं फिजिओथेरपिस्ट सांगेल. मावशी महानारायण तेल देईल. ग्रुपमधला एकजण तुमची पळायची पद्धतच मुळात चुकीची आहे म्हणून व्हिडिओ पाठवेल. तो स्वतः दोन वर्षं गुडघ्यामुळं पळालेला नाही. तिघांचंही ऐका आणि रविवारी लग्नाला जायचं टाळण्यासाठी या टाचेचा उपयोग करा.

आता नोंदणी. कोल्हापूर, हुबळी, गोवा, मुंबई, जिथं जाल तिथं अर्जात राज्य विचारतात आणि ग्रुपवर तासभर पेटतं. कोल्हापूरवाला आपल्याला ‘कर्नाटकचे पाहुणे’ म्हणून टाळ्या देतो, बेंगळुरूवाला आपलं आडनाव वाचून ‘महाराष्ट्रातून आलात?’ विचारतो. मुंबईची मोठी मॅरेथॉन पहिल्यांदा झाली २००४ साली, आणि त्याच साली महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात घातला. दोन्ही अजून चालू आहेत. फरक एवढाच की मॅरेथॉनला कट-ऑफ असतो, वेळेत पोचला नाहीत तर मागनं बस येते आणि उचलून नेते.

शर्यतीच्या दिवशी पहाटे चारला उठा. टी-शर्टावर नंबर लावायला चार पिना देतात. त्यातली एक हरवते, एक छातीत टोचते. संडासाच्या रांगेत उभं राहा, कारण सगळ्या देशातल्या हौशी धावपटूंची पोटं त्याच वेळी जागी होतात. मांड्यांना आणि छातीला व्हॅसलीन फासा. ज्यांनी फासलं नाही ते पुढं पांढऱ्या टी-शर्टावर दोन लाल ठिपके घेऊन येताना दिसतात, आणि प्रेक्षकांतली पोरं त्यांना घाबरून वाट देतात.

सुरुवातीलाच जोरात सुटा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आपली फुप्फुसं गार हवेत तयार झालेली आहेत, मुंबईवाले काय पळणार, असा विचार पहिल्या तीन किलोमीटरला करायचा असतो. सव्वादोन तासांची पताका पाठीला लावलेला पेसर, म्हणजे बरोबर तेवढ्या वेळात पोचणारा वाटाड्या, मागं पडला की त्याला हसून हात करा. तो काही बोलणार नाही, त्याला सवय आहे. दहाव्या किलोमीटरला दमट हवेत तुमचा टी-शर्ट अंगाला चिकटलेला असेल आणि तीच पताका शेजारून शांतपणे पुढं जाईल. फुल मॅरेथॉनला नाव दिलं असेल तर परतीच्या वाटेवर मुंबईच्या पेडर रोडचा चढ तुमची वाट बघतोच आहे. तिथं चालणारे सगळेजण ‘स्ट्रॅटेजी’ म्हणून चालत असतात. कॅमेरावाला दिसला की पळायचं, गेला की चालायचं. केळ्याच्या साली आणि ओआरएसचे ग्लास चुकवता आले तर बरं. पोहोचल्यावर वेळ काहीही येवो, घड्याळ दाखवून ‘कोर्स लांब निघाला, माझ्यात २१.३८ आलंय’ असं ठणकावून सांगा. वळणावर बाहेरच्या कडेनं पळालं की अंतर वाढतं, हे आयोजक सांगतील, पण तोपर्यंत तुम्ही फोटोच्या रांगेत असाल.

मेडल घरी आणल्यावर शोकेसमध्ये, आजोबांच्या फोटोशेजारी. अंगठ्याचं नख काळं पडलेलं असेल, ते महिन्याभरात गळेल. कुणी आलं की सँडल घालून बसा, म्हणजे विषय आपोआप निघतो.

एकच धोका उरतो आणि तो येळ्ळूर रस्त्याला भेटतो. तिथं पहाटे सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचं स्वप्न बघत. पायात कॅनव्हासचे बूट, तेही बहुधा मोठ्या भावाचे, घड्याळ एका मित्राच्या मोबाईलवर. त्यांची शर्यत सोळाशे मीटरची. साडेपाच मिनिटांत काढले तर पूर्ण गुण, अशा हिशेबानं गावोगाव पिढ्या घडल्या आहेत, आणि त्यांच्याकडं पेसर नाही, केळी नाहीत, पोचल्यावर गळ्यात कुणी काही घालत नाही. यातलं एखादं पोरगं तुमचे बूट बघून जवळ येतं. बुटांकडं बघतच विचारतं, ‘काका, सोळाशे कितीत मारतासा?’

खरा आकडा सांगू नका. ‘आम्ही लाँग डिस्टन्सवाले’ म्हणा, एक पाय दगडावर टेकवून पोटरी ताणायला घ्या, आणि ते पुढचं वळण ओलांडून दिसेनासं होईपर्यंत ताणतच राहा.