अळीले जेवू घालाले कपाशी कायले लावू?

परवा रात्री आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आता जीन बदललेले डास सोडणार' असा फॉरवर्ड येऊन पडला आणि साडेअकरापर्यंत नुसता धिंगाणा. कोण सोडणार, कुठे, कधी, काही पत्ता नाही. तरी 'आमच्या पोरांवर प्रयोग नकोत'पासून विदेशी कंपन्यांच्या डावापर्यंत सगळं बोलून झालं. याच ग्रुपवर दर पावसाळ्यात 'फॉगिंगची गाडी कुठे मेली' म्हणून बोंब असते. त्या धुरात काय असतं, हे आजवर एकानेही विचारलेलं मला आठवत नाही. मीपण नाही विचारलं म्हणा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. किडीवर जनुकीय इलाज निघत असेल तर मला तो हवा आहे. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणी करता करता विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. ते दिवस ज्यानं पाहिले, त्याला 'निसर्गात ढवळाढवळ नको' हे वाक्य इतकं सहज बोलता येत नाही. पंप पाठीवर घेणं ही काय निसर्गाची सेवा आहे? पण लोकांना न विचारता, न समजावता आणलेल्या चांगल्या इलाजाचं काय होतं, तेही मी आमच्याच वावरात पाहिलंय.

आमची शेती सावनेरकडे. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जीवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला, 2002 मध्ये मंजुरी मिळाली, आमच्या घरी ती दोन-तीन वर्षांनी आली. हिरव्या बोंडअळीनं जेरीस आणलेले काकाजी पहिल्या हंगामात इतके खूश, की त्यांनी पंप खुंटीला टांगला. तेव्हा 450 ग्रॅमच्या बियाण्यासोबत 120 ग्रॅमचं आणखी एक पाकीट यायचं. त्यात साध्या, बिगर-बीटी कपाशीचं बी. ते वावराच्या कडेनं लावायचं. त्या झाडांवर अळ्या सुखानं जगाव्यात, त्यांची पाखरं व्हावीत आणि बीटी खाऊनही वाचलेल्या एखाद्या पाखराशी त्यांची जोडी जमावी, म्हणजे बीटी पचवणाऱ्या अळ्यांचीच पैदास वाढत जाणार नाही, असा त्यामागचा हिशोब. हिशोब सुंदर आहे, मला आजही आवडतो. मात्र तो मला कळला पुढे कितीतरी वर्षांनी, वाचून. काकाजींना कृषी केंद्रवाल्यानं एवढंच सांगितलं, "ते बॅगेसोबत येतेच, फेकून द्या." आणि काकाजींचं त्यावर, "अळीले जेवू घालाले कपाशी कायले लावू?"

सांगा, काय चुकलं त्यांचं? बिगर-बीटी लावायची किती, तर वीस टक्के क्षेत्रात, नाहीतर कडेनं निदान पाच ओळी, यातलं जे जास्त असेल तेवढी. त्यात होणारं नुकसान भरून कोण देणार, हे कोणी सांगितलं नाही. पाकिटं माळ्यावर गेली. त्यात पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपला तरी तीच झाडं ठेवून पुढेही पीक घेतलं. बोंडात शिरून बसणाऱ्या गुलाबी अळीला हे उन्हाळ्यापर्यंत घरपोच जेवण. 2006 मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नसल्याचं जाहीर झालं, पुढे दुसऱ्यालाही तिनं पचवलं, आणि 2017 ला आमच्याकडे जिकडे पाहा तिकडे डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्यानं न उमललेली फुलं. बोंड फोडलं की आत बाईसाहेब बसलेल्या. वेचणीला हातात येत होती ती कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस.

आता ॲरिझोनाचं पाहा. तिथे 1996 पासून बीटी, आणि शेतकऱ्यांनी साधी कपाशी नियमानं लावली. पुढे 2006 पासून किरणोत्सारानं वंध्य केलेली गुलाबी बोंडअळीची पाखरं विमानातून सोडली, चार वर्षांत सुमारे दोन अब्ज. त्यांच्याशी जोडी जमली की पुढची पिढीच होत नाही. 2018 मध्ये अमेरिकेनं आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच. तिथलं हवामान, एकेकाची जमीन, पिकाचा काळ सगळं वेगळं, हे मान्य. तरी आपल्याकडे बैठकांमधून 'शेतकऱ्यांनी नियम पाळले नाहीत' एवढं बोलून फाईल बंद होते, तेव्हा माझं डोकं फिरतं. कपाशीची केंद्रीय संशोधन संस्था आमच्या नागपुरात, वर्धा रोडवर. तिथून सावनेर असं कितीसं लांब आहे?

आणि वांगं! 2010 मध्ये बीटी वांग्यावर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात नागपूरही होतं. 9 फेब्रुवारीला स्थगिती आली. पाच वर्षं बीटी कपाशी लावलेले आमचे काकाजी तेव्हा म्हणाले, "वांग्यात नको बाप्पा. कापूस का आपण खातो?" मी सरकीच्या तेलाचं अन् म्हशीच्या ढेपेचं नाव काढलं आणि त्या दिवशीचं जेवण बिघडलं. आता वाटतं, मी उगीच शहाणपणा केला. कपाशी लावताना कर्ज डोक्यावर असतं, तिथे माणूस निवडत नाही. आलू-वांग्याची भाजी ताटात घेताना मात्र नाही म्हणता येतं. म्हणून तो नाही म्हणतो. बांगलादेशानं 2013 मध्ये तेच वांगं मंजूर केलं, हेही तेव्हा सांगता आलं नसतं.

डासांच्या बाबतीत हा घोळ आणखी जुना. सत्तरच्या दशकात दिल्लीजवळ जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मिळून वंध्य नर डास सोडण्याचे प्रयोग करत होते. नर चावत नाही, ही साधी गोष्ट. पण पैसा अमेरिकेचा, माहिती तोकडी. 1974 मध्ये बातम्या आल्या, जैविक युद्धाचा संशय उठला, संसदेत गाजलं आणि 1975 मध्ये सोनीपतला डास सोडायचे होते ते राहिलेच. आमच्या ग्रुपवरचा परवाचा फॉरवर्ड वाचताना वाटलं, पन्नास वर्षांत फक्त फोन बदलले.

काल काकाजींना फोनवर वंध्य पाखरांबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सोडतीन आपल्या वावरात. तिथंच राहतीन का ते? शेजारच्याले इचारलं का कोणी?"

मी म्हटलं, अजून कुणी सोडत नाहीये काकाजी, मी फक्त सांगतोय.

"मंग आधी सांगाले या म्हणा. सांगून मंग सोडा." थोडं थांबून हसले. "ते पाकीट माळ्यावर असन अजून एखादं. दिवाळीले आला का पाह्यजो."